आसरांच्या बारवेवरचा कौल

वन्सं, काल तुमचं तेरावं उरकलं. जेवणावळ नव्हती. रेशनच्या लाल मिलोच्या भाकरी आणि पातळ आमटी, एवढंच. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, "ह्यो लाल दगूड माझ्या नावानं वाढू नगा." लोकांनी तुमचं फार कौतुक केलं. ठकूअक्का देवमाणूस होत्या, अक्कांनी कधी कुणाला दुखवलं नाही, असं जो तो म्हणत होता. मी भिंतीला टेकून ऐकत होते. कुणाला दुखवलं नाही म्हणे! मी या घरात आले त्या दिवसापासून तुम्ही मला बोलत आलात आणि मीही तुम्हाला सोडलं नाही. नणंद-भावजयीनं एका चुलीवर पन्नासेक वर्षं काढायची म्हणजे दुसरं काय होणार?

कौतुक करणारे पुष्कळ आहेत, मी नाही करत. आपलं बोलणं अर्धं राहिलंय. समोरासमोर बोलायची सोय आता उरली नाही, म्हणून चौथीपर्यंत गिरवलेली अक्षरं कामाला लावली.

मी लग्न होऊन आले आणि चार दिवसांत तुम्ही मला रानातल्या पडक्या देवळाकडे नेलंत. पांडवांनी बांधलं असं सगळे म्हणायचे. कुणी का बांधलं असेना, मी पाहिलं तेव्हा ते निम्मं जमिनीवर आलेलं होतं. खांब आडवे पडलेले, त्यांच्या फटीतून सीताफळी उगवलेल्या. एका दगडी हत्तीची सोंड तुटलेली. भिंतीवर कोरलेल्या बायका होत्या, सगळ्यांची नाकं गेलेली. तुम्ही एकीकडे बोट दाखवून म्हणालात, "ही बघ, तुझ्यावानी नकटी." आपलं बोलणं असं सुरू झालं.

देवळापुढं बारव. चौकोनी, काळ्या दगडाची, एका अंगानं पायऱ्या खोल उतरलेल्या. निम्म्यावर दगडी कमान, आणि कमानीखालून पुढच्या पायऱ्या थेट पाण्यात. पाण्याबाहेरच्या शेवटच्या पायरीजवळ भिंतीत देवळी, तिच्यात शेंदूर फासलेले सात दगड. साती आसरा, पाण्यातल्या सात बहिणी. गावात नवी आलेली सून पहिली ओटी त्यांना देणार, बाळंत होऊन उठलेली बाई काहीतरी चांदीचं देणार. ते पाण्यात सोडायचं आणि सोडलेलं पुन्हा बाहेर काढायचं नाही. ते पाणी कुणी पीत नव्हतं, त्यात कपडा बुडवत नव्हतं, जनावराला ते दाखवतही नव्हतं.

मी ओटी घेऊन तुमच्या मागं उतरत होते. कमानीत तुम्ही हात आडवा केलात.

"इथवरच."

"का?"

"खाली गावच्या लेकींनीच जायचं. त्या साती जणी माहेरच्या हायेत. सासुरवाशिनीला तिथं जागा न्हाई."

"मग मी काय करू?"

"ओटी दे माझ्याकडं अन् हात जोडून गुमान उभी ऱ्हा."

ओटी दिली. गुमान उभी मात्र राहिले नाही. तुम्ही वर येईपर्यंत मी बडबडत होते, हे पुढं तुम्हीच सगळ्यांना हसत सांगायच्या.

तुमचं त्या पायरीशी काय होतं, ते मला उशिरा कळलं. मानमोडीच्या साथीत तुमचा नवरा गेला आणि सासरच्यांनी तुम्हाला बैलगाडीत बसवून इथं आणून सोडलं. मिसरूडही न फुटलेल्या नवऱ्याची तुम्ही विधवा. घरात तुम्हाला चुलीमागचा कोपरा. हळदीकुंकवाला बोलावणं नाही, लग्नात मांडवाच्या मागं बसायचं. पण बारवेच्या शेवटच्या पायरीवर कपाळ कुणी पाहत नव्हतं. आसरांना कुंकू दिसत नाही, लेक दिसते, असं गावात म्हणायचे. ज्या सवाष्णी सकाळी तुमचं तोंड दिसलं तर वाट बदलायच्या, त्यांची ओटी तुमच्याच हातून खाली जायची. वर कमानीत त्या हात जोडून उभ्या, आणि खाली तुम्ही. ती जागा मला कधी मिळाली नाही म्हणून मला राग होता, आणि ती एवढी एकच जागा तुम्हाला मिळाली होती हे मला दिसतही होतं. दोन्ही खरं.

माझी पहिली दोन बाळं राहिली नाहीत. तिसरा जगला, तेव्हा माझ्या आईनं चांदीचा वाळा पाठवला. तो घेऊन तुम्ही खाली गेलात. कमानीतून पाणी दिसत नाही, भिंतीची कड आड येते. तुम्ही वाकलात एवढं मला दिसलं. पाण्यात काही पडल्याचा आवाज आला नाही. तेव्हापासून ते माझ्या मनात राहिलं. भांडण पेटलं की मी म्हणायची, "माझ्या लेकाचा वाळा कुठं हाय ते आधी सांगा." तुम्ही मिश्री लावता लावता म्हणायच्या, "जिथं हाय तिथं हाय." चाळीस वर्षं हे चाललं. त्यातली निम्मी वर्षं मला तो वाळा नकोच होता, फक्त तुम्हाला छेडायचं होतं.

मग हा दुष्काळ आला. आधीची वर्षं पावसानं कशीबशी भागवली, बहात्तर साली त्यानं तोंडच दाखवलं नाही. ऊसतोडीला गेलेली माणसं तिकडंच काही मिळेल म्हणून राहिली. इथं उरले ते दुष्काळी कामावर खडी फोडायला जाऊ लागले. पोरांना सरकारी सुकडी मिळायची, तिच्यावर पोरं जगली. तिसगावच्या बाजारात जनावर नेलं तर कुणी दाव्याला हात लावत नव्हतं. टँकर येणार म्हणायचे. आला तर तुडवातुडवी व्हायची, नाही आला तर बायका रस्त्याच्या कडेला हंडे मांडून संध्याकाळपर्यंत बसायच्या.

गावच्या एका खोल विहिरीत तळाला बारीक झरा उरला होता. बायका एकीला दोरानं खाली सोडायच्या. ती वाटीनं पाणी गोळा करून घागर भरायची, वरच्या ओढायच्या. एक दिवस माझी धाकटी सून शेवंता खाली असताना कडेची माती ढासळली. वर ओढली तेव्हा तिच्या नाकातोंडात माती होती आणि दोराचे वळ कमरेवर उठले होते. पोटुशी पोर. वाचली, पोटातलंही वाचलं. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा दोर घेऊन निघाली. मी अडवलं तर म्हणाली, "आत्याबाई, हंडा रिकामा हाय. मग तुमी जाता का?"

आणि बारवेत पाणी होतं. पायऱ्या उघड्या पडल्या होत्या, पण पाणी होतं. सगळ्या गावाला माहीत होतं, पण कुणी नाव काढत नव्हतं. सरपंचानं तर अंगच काढून घेतलं. "अक्का म्हनतील तसं," म्हणाला. म्हणून मी तुम्हाला विचारलं.

"वन्सं, बारव उघडा."

"ती माझी हाय व्हय, उघडायला?"

"मग कुनाची?"

"त्यांची."

"त्यांना तहान लागती का? आमाला लागती."

"हौसे, जीभ आवर. त्या रुसून गेल्या गावातनं, तर कुनाच्या दारात रडशील?"

"शेवंता मातीत गाडली गेली असती तर कुनाच्या दारात रडले असते? तुमच्याच ना?"

मी तिथं थांबायला हवं होतं असं लोक म्हणतील. मी थांबले नाही. मी म्हणाले, "देवीचं नाव सांगू नगा. ती जागा तुमची हाय. बारव समद्यांची झाली तर तुमाला कोन इचारनार, म्हनून भ्याला तुमी."

त्यानंतर तुम्ही माझ्या हातचं खाल्लं नाही. तुमची भाकरी तुम्ही थापायच्या, तुमचं पाणी वेगळ्या तांब्यात. घरात शेवंता दोघींकडे आळीपाळीनं बघत बसायची. मी म्हटलं ते खोटं होतं असं मला तेव्हा वाटलं नाही, आताही वाटत नाही. पण खरं बोललं की माणसाला कुठंतरी लागतंच, आणि तुम्हाला ते खोल लागलं होतं.

मग एका सकाळी तुम्ही पदर खोचून दारात उभ्या राहिलात. "चल," म्हणालात. कुठं ते मी विचारलं नाही.

वाटेत तुम्ही रुईची दोन फुलं तोडलीत. एरवी झेंडू असायचा, त्या वर्षी रानात फुलाच्या नावानं रुईच. मला कळलं की तुम्ही कौल लावणार. देवळीतल्या मधल्या दगडावर ओली करून दोन फुलं चिकटवायची, एक डावीकडे, एक उजवीकडे, आणि मागायचं. उजवं आधी पडलं तर हो. डावं पडलं तर नाही, आणि मग त्या वर्षात पुन्हा विचारायचं नाही. मी मनात म्हटलं, आता गावाचं पाणी एका फुलावर आलं. मला तुमचा राग आला, आणि त्याहून जास्त धास्ती वाटली.

पडक्या खांबांमधून आपण गेलो. दगड एवढे तापले होते की हात टेकवत नव्हता. कमानीशी मी आपोआप थांबले. तुम्ही खाली उतरत गेलात, पूर्वी कधी न दिसलेल्या शेवाळी पायऱ्यांवरून, एकेक पाय चाचपत. खालून तुमचा आवाज आला.

"हौसे, समदं दिसतंय गं. बांगड्या, जोडवी, किती पिढ्यांचं हाय कुनाला ठावं. अन् ह्यो बघ तुझ्या लेकाचा वाळा. चिखलात रुतलाय, काळा पडलाय."

"मला न्हाई दिसत हितनं."

"मग इस्वास ठेव. जल्मात एकदा ठेव की."

मी ठेवला. तेवढ्यापुरतं भांडण मिटलं.

मला जवळचं दिसत नाही, सुईत दोरा शेवंता ओवून देते, ही अक्षरंही अंदाजानंच काढतेय. पण लांबचं मला तुमच्यापेक्षा चांगलं दिसतं आणि कमानीतून देवळी सरळ समोर येते. तुम्ही पुन्हा वर देवळीपाशी आलात आणि फुलं लावलीत. हात जोडलेत. काय मागत होतात ते ऐकू येत नव्हतं, ओठ हलताना दिसत होते. फुलं हलत नव्हती. मला वाटलं, सुकून तिथंच चिकटून बसतील आणि आपण दोघी म्हाताऱ्या इथंच उभ्या राहू. एवढ्यात डावं फूल पडलं.

मी पाहिलं, वन्सं. डावं पडलं.

तुम्ही त्या पडलेल्या फुलाकडे पाहिलंत. मग देवळीकडे. मला वाटलं, आता वळून मान हलवाल, आणि पुढं काय बोलायचं ते मी मनात जुळवत होते. तुम्ही हात वर नेलात आणि अंगठ्यानं उजवं फूल खाली पाडलंत. पडलेलं डावं उचलून दगडावर दाबून पुन्हा बसवलंत. मग मागं न बघता मला हाक मारलीत.

"हौसे, उजवं पडलं गं. व्हय म्हनल्या."

मला आनंद व्हायला हवा होता, कारण मला हवं तेच झालं होतं. पण तो झाला नाही. मी देवदेव करणारी नाही. तुम्ही होतात. ज्यांच्यापुढं तुम्ही उभा जन्म काढलात, त्यांच्या तोंडावर तुम्ही खोटं बोललात. शेवंतासाठी, की मी बोललेला शब्द पुसायला, ते मला आजही माहीत नाही.

वर आलात तेव्हा तुमच्या चेहऱ्यावर रक्त नव्हतं. घरी येईपर्यंत मी एक शब्द बोलले नाही. मी, आणि वाटभर गप्प! तुमच्या ते लक्षात आलं असणारच.

बारव उघडली, ती तुमच्या नियमानं. खाली उतरायचं ते गावच्या लेकींनीच. झगे घातलेल्या पोरी, माहेरी आलेल्या दोघीचौघी, सगळ्या पायऱ्यांवर ओळीनं. सुना कमानीच्या वर. घागर हातोहात वर यायची. शेवंतानं तो दोर पुन्हा कमरेला बांधला नाही. आणि शेवटच्या पायरीवर, पाण्यात पाय बुडवून, सकाळपासून तुम्ही. वर ऊन अंग भाजत होतं आणि खाली ते पाणी हाडापर्यंत गार. बायका म्हणायच्या, अक्का, वर या, दुसरी उभी राहील. तुम्ही म्हणायच्या, "हितं मीच." लोकांना वाटलं, म्हातारी आपली जागा सोडत नाही. मलाही आधी तेच वाटलं. मग एक दिवस एक पोर घागर घ्यायला तुमच्या पायरीपर्यंत आली आणि तुम्ही तिच्यावर एवढ्या जोरात ओरडलात की ती रडत वर पळाली. तेव्हा मला कळलं. आसरा रागावणार असतील तर तुमच्यावरच रागवाव्यात, जवळ दुसरं कुणी नको, म्हणून तुम्ही तिथं उभ्या होतात.

आधी तुमचे पाय सुजले. मग खोकला आला. मग छातीत भरलं. डॉक्टरांनी सुई दिली, पण तुमच्यात काही उरलं नव्हतं. एका दुपारी मी तुमचे पाय शेकत होते.

"वन्सं, एक इचारू?"

"न्हाई."

"काय ते तरी ऐका."

"इचारलंस तर सांगावं लागंल. अन् तू तोंडाची फाटकी. गावभर करशील."

मी पाय शेकत राहिले. थोड्या वेळानं तुम्ही म्हणालात, "चहात गूळ लई घातलास." आपलं शेवटचं धड बोलणं ते. मी पाहिलं होतं हे तुम्हाला माहीत होतं, एवढं मला त्या 'न्हाई'वरून कळलं. तुमचे आभार मानायचे होते. मला ते जमत नाही आणि तुम्हाला ते ऐकून घेता आलं नसतं.

तुम्हाला नेलं त्याच दिवशी कुणीतरी कमानीत बाभळीचे काटे ओढून टाकले. पोरींच्या आयांनी पोरी घरात घेतल्या. आसरांनी अक्काला नेलं, आता कुणाची पाळी, अशी कुजबुज सुरू झाली. शेवंता माळ्यावरून तो दोर काढून बघत होती, कुठं विरलाय का ते.

काल जेवणं झाल्यावर माणसं देवळाकडे गेली आणि आडव्या खांबांवर बसली. बायका मागं उभ्या. सरपंचानं मला पुढं बोलावलं.

"हौसाकाकू, कौलाला तुमीच हुता. खरं काय पडलं हुतं? उजवं पडलं असतं तर अक्का अशा गेल्या असत्या का?"

उजवं म्हणाले असते तर कुणी मानलं नसतं. तुमचं मरण समोर होतं. डावं म्हणाले तर तुमचं नाव जाणार आणि काट्यांवर आणखी काटे पडणार. सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. शेवंता मागं उभी होती, पोट पुढं आलेलं, कमरेवर रिकामा हंडा.

"डावं," मी म्हणाले.

एकदम गलका झाला. एक म्हातारा उठून उभा राहिला. "म्हंजी अक्का खोटं बोलल्या?"

"व्हय, बोलल्या. मी या डोळ्यांनी बघितलं. डावं पडलं, त्यांनी अंगठ्यानं उजवं पाडलं अन् तुमाला पानी दिलं. तुमी पेलात ना? मग ऐका. त्या दिसापासनं त्यांनी शेवटच्या पायरीवर दुसरं कुनी येऊ दिलं न्हाई. का, ते कुनी इचारलं? काय व्हायचं ते माझं हू दे, म्हनून. घेतलं आसंल आसरांनी तर घेऊन झालं. आता तुमच्याकडनं कोन काय मागतंय?"

सरपंच खाली बघत म्हणाला, "खरं हाय काकू. पर उतरनार कोन? लेकीबाळींना कुनी धाडायचं न्हाई आता."

"लेकी नगंत. सुना हायेत की."

"सुना? कमानीखाली?"

"लेकीनं जीव दिला तुमच्यासाठी. सुनांनी घागर भरली तर काय बिघडतंय?"

तुम्हाला म्हणून सांगते. माझ्या मते तुम्ही म्हातारपणी गार पाण्यात उभ्या राहिलात आणि छातीत कफ धरला, दुसरं काही झालं नाही. पण ते तिथं बोलून कुणी काटे उचलले नसते. तुमचं मरण मी कामाला लावलं. तुमचं नाव मी चारचौघांत खोटं बोलणारी म्हणून घेतलं. त्याचा मला पस्तावा नाही. बायका रडायला लागल्या तेव्हा मला वाटलं, सकाळी देवमाणूस म्हणत होते त्यापेक्षा आता त्यांना तुम्ही जास्त कळलात.

काटे मीच ओढले. मग शेवंता आली, मग आणखी चौघीजणी. पायऱ्या खूप उंच आहेत, वन्सं, हे तुम्ही कधी बोलला नाहीत. मी बसत बसत उतरले. देवळीपुढं काय म्हणायचं असतं ते मला माहीत नव्हतं, म्हणून काही म्हटलं नाही. पाण्यात पाय घातला आणि पहिल्यांदा कळलं की किती गार असतं ते. कळ गुडघ्यापर्यंत आली. पहिली घागर भरून वर दिली, दुसरी दिली, आणि पाय बधिर व्हायला लागले तशी मी बाहेर येऊन पायरीवर बसले. मागच्या बाईला म्हणाले, आता तू. ती कचरली. मी म्हणाले, "उतर. अन् तुझ्यानंतर ती. एकीनं हितं उभं राहायचं न्हाई, आजपासनं बारी लावायची. शेवंतानं मातूर कमानीतच थांबायचं, पोट घेऊन खाली यायचं न्हाई." शेवंता वरून काहीतरी पुटपुटली. मी लक्ष दिलं नाही.

हे तुम्हाला मी तेव्हाच सांगायला हवं होतं. तुम्ही ऐकलं नसतंत ते वेगळं.

पाणी अजून आहे. आज माझी बारी नव्हती, म्हणून लिहायला वेळ मिळाला. उद्या आहे.